खिशात कांदा, समोर खिंड

मला जिवंत खाली आणलं ते बडेबाबूंनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस उपकार विसरला. विसरलो नाही. पण उपकार करणारा माणूस किती वैताग आणू शकतो हे ज्याच्यावर उपकार झालेत त्यालाच ठाऊक असतं. बडेबाबू तर वैताग आधी द्यायचे, उपकार मागाहून करायचे, आणि उपकार फिटायच्या आत पुन्हा वैताग सुरू.

बडेबाबू म्हणजे माझे घरमालक. वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, म्हणून आमची सगळी नालवाडी वस्ती त्यांना बडेबाबू म्हणायची. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यासुद्धा मला सांगायच्या, "बडेबाबू जेवाले येऊन राह्यले का, विचार बरं."

मी मूळचा दापोलीकडचा. आठवीला दोनदा बसलो, दोनदा नापास झालो, मग वडिलांनीच दप्तर खुंटीला टांगलं. मामाच्या ओळखीने वर्ध्याला मोटरसायकलींच्या सीटा शिवायच्या दुकानात लागलो. रेक्झिन, फोम, दाभण आणि दोरा, एवढंच माझं विश्व. काळजी करणं हा माझा जन्माचा रोग. शिवण उसवेल का, मालक काढून टाकेल का, घरून पत्र नाही म्हणजे कुणी आजारी तर नसेल. अशा माणसाला देवाने नेमकं बडेबाबूंच्या मागच्या खोलीत आणून टाकावं, याला काय म्हणायचं.

मी आलो ते भर मे महिन्यात. समुद्राजवळचा माणूस, ते ऊन बघूनच अर्धा झालो होतो. बडेबाबू दारात उभे होते, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे आणि चष्मा बाहेर. खोलीच्या किल्लीआधी त्यांनी माझ्या हातात एक कांदा ठेवला.

"खिशात ठेव. लू लागत नाई."

लू म्हणजे तिकडचा उन्हाळ्यातला भाजणारा वारा. मला वाटलं नवीन माणसाची थट्टा करतायत. पण त्यांच्याही सदऱ्याच्या खिशात कांद्याचा फुगवटा दिसत होता. त्या भागात उन्हाळ्यात बरेच जण कांदा बाळगतात हे मला नंतर कळलं. फरक इतकाच की बाकीचे पाऊस पडला की कांदा काढून भाजीत घालतात. बडेबाबूंच्या खिशात तो बारा महिने असायचा. त्यांचे सदरे, त्यांची पाकिटं, त्यांच्या कचेरीतल्या फायली, सगळ्यांना तो वास, आणि त्या घरात राहून माझ्या कपड्यांनाही. दुकानात माझ्याजवळ उभं राहून गिऱ्हाईक म्हणायचं, काय रे, डबा इथेच खाल्ला का?

आता त्यांचं खरं वेड सांगतो. त्यांच्याकडे एक जुनी, धूड मोटरसायकल होती. किक मारताना शेजारची म्हातारी कानावर हात ठेवायची. आणि बैठकीच्या भिंतीवर केव्हाच्या तरी कॅलेंडरचं एक पान होतं. तारखा कापून टाकलेल्या, चित्र तेवढं ठेवलेलं. उघडा बोडका डोंगर, त्याच्यावर सापासारखी वळणं घेत गेलेला रस्ता, आणि सगळ्यात वर खिंडीत रंगीत पताका. मनालीहून लेहला जाताना लागणारी बारालाचा खिंड. तिथे गाडी घेऊन जायचं, एवढीच या माणसाची आयुष्याकडे मागणी. मी एकदा विचारलं, तिथेच का? देवदर्शन नाही, नातेवाईक नाही, हवापाण्याला जायचं म्हणावं तर तिथे हवाही म्हणे कमी.

त्यांनी मला गाडीजवळ नेलं. "हे पाह्य. वर्ध्यात पहिला गिअर कशाले लागते? गाडी हलली की लगेच दुसरा. सगळा जिल्हा पाटासारखा. मंग बनवणाऱ्यानं पहिला गिअर काऊन देला असंन? जिथं त्याचं खरं काम हाय, ते एकदा पाहा लागते का नाई?"

आठवी नापास माणसालासुद्धा कळतं की हे प्रवासाला निघायचं कारण असू शकत नाही. पण त्यांचं ते पक्कं ठरलेलं होतं, आणि त्यासाठी त्यांचा सराव चालायचा. जिल्ह्यात चढ म्हणावा असा त्यांना एकच सापडला होता, गिरडची टेकडी. वर शेख फरीदबाबांचा दर्गा. दर रविवारी सामान लादून गिरडला जायचं, टेकडीच्या रस्त्याने पहिल्या गिअरमध्ये वर, मग खाली, मग पुन्हा वर. गाडी दुसऱ्या गिअरलाही चढायची, पण ते टाकायचे नाहीत. रस्ता सरळ असला तरी वळणाची सवय हवी म्हणून झाड आलं की हॉर्न. सुरुवातीला मागच्या सीटवर ते ज्वारीचं पोतं बांधायचे. एका शनिवारी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, पोतं वळणावर झुकत नाही, जितं वजन पाहिजे.

ते जितं वजन म्हणजे मी. आठवड्यातला माझा एकच सुटीचा दिवस, कपडे धुवायचा, घरी पत्र लिहायचा, तो गिरडच्या टेकडीवर वर-खाली करण्यात जायला लागला. नाही म्हणवेना. पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली होती तेव्हा काकूंनी महिनाभर स्वतःच्या हाताने पेज करून घातली होती. त्या घरात नाही हा शब्द मला तेव्हापासून जमला नाही.

गिरडच्या पायथ्याशी फुलं विकणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना वाटायचं, साहेबांनी काही मन्नत मागितली असणार. एका रविवारी त्यांनी मला हळूच विचारलं, साहेबांना मूलबाळ नाही का, काय मागतात बाबांकडे? मी इतका कंटाळलो होतो की खरं तेच सांगितलं: पहिला गिअर. म्हातारा जराही हसला नाही. "मिल जाएगा," म्हणाला, आणि दोन गुलाब फुकट दिले.

बडेबाबूंचा दुसरा नियम रस्ता विचारायचा. रस्ता तिघांना विचारायचा आणि दोघं म्हणतील तिकडे जायचं. रस्ता पाठ असला तरी. सिंदीला त्यांच्या साडूकडे जायचं असलं, जिथे ते वीस वर्षं जात होते, तरी फाट्यावर गाडी थांबवून तिघांना विचारायचे. "एक मानूस चुकू शकते," ते म्हणायचे, "तीन मानसं मिळून चुकाले मेहनत लागते." कचेरीत म्हणे एका फायलीवर तीन सह्या झाल्याशिवाय ते ती पुढे सरकवायचे नाहीत, तीच रीत त्यांनी रस्त्यावर आणली. तिसरा माणूस भेटेपर्यंत आम्ही उन्हात उभे. मी चरफडायचो. ते खिशातला कांदा चाचपायचे.

इतकी वर्षं त्यांना जाऊ न देणाऱ्या काकूच होत्या. शेवटी एका वर्षी, नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, त्या कंटाळल्या की काय कोण जाणे, पण जेवताना म्हणाल्या, "एकदाच जा. एकटे नाई जायचं. अन् परत आल्यावर त्या पहाडाचं नाव माह्या घरात नको." बडेबाबूंनी हातातला घास ताटात ठेवला आणि शब्द दिला. मग ते दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी भात कालवत होतो.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. त्यांच्या कचेरीतल्या कुणालाच नाक गोठवायची हौस नव्हती. माझ्या दुकानमालकाकडे बडेबाबू रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले. कांद्याचा वास आणि पहिल्या गिअरचं तत्त्वज्ञान आठवडाभर सोसल्यावर मालक म्हणाला, घेऊन जा याला, पण तुम्ही येऊ नका. गाडीच्या दोन बाजूंना टाकायच्या पडश्या मीच शिवल्या. दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवल्या, कारण त्यांना कांद्यासाठी जाळीचा कप्पा पाहिजे होता. कांद्याला हवा लागली पाहिजे, म्हणे. पडत्या माणसाला धरून ठेवायला म्हणून मी मागच्या सीटला एक रुंद पट्टाही शिवला. तो माझ्या भित्रेपणातून आला होता. बडेबाबू त्याला हसले होते.

गाडी गोणपाटात गुंडाळून सेवाग्राम स्टेशनवरून रेल्वेने दिल्लीला नेली आणि तिथून पुढे चालवत निघालो. उन्हाळ्यात टाकीवर ओलं गोणपाट टाकायची वर्ध्यातली पद्धत. पेट्रोल तापू नये म्हणून. दिल्लीच्या उन्हात ते ठीक होतं. पण हा माणूस पहाड सुरू झाल्यावरही रोज रात्री गोणपाट भिजवून टाकीवर पसरायचा. केलाँगच्या पुढे जिस्पाला आम्ही मुक्काम केला, तर सकाळी ते गोणपाट पापडासारखं कडक, टाकीला चिकटलेलं. पेट्रोलचा कॉक त्याखाली गाडला गेलेला. ऊन वर येईपर्यंत आम्ही दोघं टाकीवर तोंडाने वाफा सोडत बसलो. मी म्हटलं, आता तरी हे बंद करा. ते म्हणाले, "गाडी थंड राह्यली का नाई?"

त्याच्या आधी, मनालीच्या अलीकडे मंडीच्या आसपास तर कहरच झाला होता. तिघांना रस्ता विचारला. दोघांनी डावीकडे सांगितलं, एकाने उजवीकडे. तो एकटा शाळामास्तर होता, पिशवीत खडूचा खोका, आणि तो बिचारा हात जोडून सांगत होता की डावीकडे तुम्ही भलतीकडे जाल. आम्ही बहुमताने भलतीकडे गेलो. अर्धा दिवस वाया. परत येताना तोच मास्तर भेटला, तर बडेबाबू गाडी थांबवून त्याला म्हणाले, तुमचं बरोबर होतं, पण तुम्ही एकटे होते.

एवढं सगळं असूनही कबूल करतो, रोहतांगची खिंड ओलांडल्यावर ते गप्प झाले होते. वळण आलं की हॉर्न, आणि या वेळी खरंच वळण असायचं. पहिला गिअर पडला की मान जराशी तिरकी करून ऐकायचे, घरात कुकरची शिट्टी ऐकावी तसे. मागे बसून मला त्यांचे फक्त कान दिसायचे, आणि ते कान खूश होते हे मी शपथेवर सांगेन.

झिंगझिंगबार नावाच्या जागेवरून बारालाचाची शेवटची चढण लागते. आदल्या रात्रीपासूनच माझं डोकं ठणकत होतं. सकाळी निघताना मी म्हटलंही, बरं वाटत नाही. ते म्हणाले, वर गेल्यावर वाटंल. मग मळमळायला लागलं. दोन वळणांवर उतरून ओकलो. डोळ्यांसमोर बर्फ पांढरं नाही, पिवळं दिसायला लागलं. तिसऱ्या वेळी उतरलो तेव्हा पाय सरळ पडेनात, आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो तो बसलोच.

बडेबाबूंनी माझ्या कपाळाला हात लावला, डोळे उलटून बघितले, आणि निदान केलं. "डोकं दुखते, उलटी होते, डोये लाल. ऊन लागलं बे तुले."

इतक्या उंचावर, जिथे श्वास तोंडाबाहेर पडताच धूर होतो, तिथे या माणसाने मला लू लागल्याचं ठरवलं. त्यांचा तरी काय दोष. जन्मभर डोकेदुखी आणि उलटीचं त्यांना एकच कारण माहीत होतं, आणि तिथलं ऊनही डोळ्यांत सुईसारखं टोचत होतं. त्यांनी ओढ्याच्या पाण्यात दुपट्टा भिजवला आणि माझ्या डोक्याला गुंडाळला. बूट काढून तळव्यांना कांदा चोळला. काकूंनी बाटलीत दिलेलं कैरीचं पन्हं पाजलं; ते मी लगेच त्यांच्या पँटवर परत केलं. दुपट्टा डोक्यावर गोठत होता, दात वाजत होते, आणि ते मला सांगत होते की आता उतरंल, आता उतरंल. मी त्यांना म्हटलं म्हणे की होडी ओढून घ्या, भरती येतेय. मला हे आठवत नाही. त्यांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना हसले नाहीत.

वरून एक ट्रक उतरत आला. ड्रायव्हरने ब्रेक मारून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना म्हणाला, "इसको नीचे ले जाओ. अभी. ये धूप नहीं है, हवा की बीमारी है. ऊपर ले गए तो मर जाएगा." ट्रकात जागा आहे का, बडेबाबूंनी विचारलं. केबिनमध्ये आधीच दोन आजारी मजूर होते. तो गेला.

त्या जागेवरून खिंड दिसत होती. चित्रातल्यासारखीच. वर थोडी वळणं, आणि त्यांच्या टोकाला पताका फडफडत होत्या, लाल, पिवळ्या, निळ्या. माझ्या डोक्यात एवढी एकच गोष्ट शाबूत होती की आता हा माणूस उभा राहणार. अजून दोन गाड्या थांबवणार. त्या दोघांना विचारणार. दोघं वर जा म्हणाले तर वर नेणार. मी डोळे मिटून तिसऱ्या गाडीची वाट बघायला लागलो.

बडेबाबूंनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. एका माणसाच्या शब्दावर त्यांनी गाडी फिरवली. मला उचलून मागे बसवलं, मी शिवलेला तो पट्टा माझ्या पाठीवरून घेऊन स्वतःच्या कमरेला आवळला, दुपट्ट्याने माझे हात स्वतःच्या पोटावर बांधले. निघण्याआधी त्यांनी एकदाच हॉर्न वाजवला. समोर वळण नव्हतं. तो हॉर्न त्यांनी मागे वळून, वर खिंडीकडे बघत वाजवला.

मग उतार. पूर्ण उतार पहिल्या गिअरमध्ये. इंजिन रडत होतं, पण गाडी बैलगाडीसारखी सावकाश जात होती, कारण मागे बांधलेलं वजन आता वळणावर झुकत नव्हतं, ज्वारीच्या पोत्यासारखं जिकडे पडेल तिकडे पडत होतं. मी झोपू नये म्हणून त्यांनी युक्ती काढली, आणि ती अशी वैतागवाणी होती की मेलेला माणूस उठून बसला असता. त्यांनी मला वर्धा-नागपूर पॅसेंजरची स्टेशनं विचारायला सुरुवात केली.

"सेलू रोडनंतर?"

मी गप्प. मागे कोपर बसायचा, बरगडीत.

"बोल बे. सेलू रोडनंतर?"

"तुळजापूर."

"मंग?"

"सिंदी."

"मंग?"

"बुटीबोरी."

"चुकला. पहिल्यापासून."

आणि पुन्हा वर्ध्यापासून. खड्डा आला तरी सोडलं नाही, ओढा आला तरी सोडलं नाही. मधल्या एका ठिकाणी मी सिंदीनंतर खेड आणि मग दापोली सांगितली, तेव्हा म्हणे त्यांनी गाडी थोडी जोरात घेतली.

केलाँगच्या दवाखान्यात मला नळीने प्राणवायू लावला. शुद्ध नीट आली तेव्हा सगळ्यात आधी वास आला, कांद्याचा. बडेबाबू स्टुलावर बसले होते, पन्ह्याचे डाग पडलेल्या पँटमध्ये. मी डोळे उघडलेले बघून ते पुढे वाकले. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलणार.

"सिंदीनंतर बोरखेडी," ते म्हणाले. "बुटीबोरी त्याच्यानंतर."

डॉक्टरने मला पुन्हा वर जायला साफ मना केलं. मी बडेबाबूंना म्हटलं, तुम्ही जा उद्या, गाडी आहे, हवा चांगली आहे, मी इथे खाटेवर पडून राहतो, एका दिवसाचा तर प्रश्न. हात जोडले मी. इतकी वर्षं गिरडच्या टेकडीवर वर-खाली केलेला माणूस, आणि ती थोडी वळणं माझ्या ओकाऱ्यांपायी राहिली, हे मला गिळवेना. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकट्यानं नाई जायचं, असा शब्द देला हाय." मी म्हटलं, काकूंना कुठे कळणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

परतीच्या रेल्वेत इटारसीला त्यांनी शेंगा घेतल्या. मग शेंगा सोलता सोलता एवढंच म्हणाले, "पहिला गिअर चढाले नसते बे. उतराले असते." आणि मला एक मूठ शेंगा दिल्या. मला गिरडच्या चाचांचे दोन गुलाब आठवले.

नालवाडीत गल्लीने हार आणून ठेवला होता. पानठेल्यावरची मंडळी, कचेरीतले दोघं-तिघं, शेजारची कानावर हात ठेवणारी म्हातारी, सगळे जमलेले. कुणीतरी विचारलं, चढले का बडेबाबू पहाड?

"नाई," ते म्हणाले. "खिंड दिसत होती. माह्याच डोक्यात चक्कर आली, तं परत फिरलो. या पोट्ट्यानं सांभाळलं मले."

मी ओरडलोच. खोटं आहे, म्हटलं, आजारी मी पडलो, यांनी मला पाठीशी बांधून आणलं. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. पानठेलेवाला म्हणाला, "भाडेकरू असावा तं असा. मालकाची लाज झाकून राह्यला." मी जितकं खरं सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत मोठा आणि बडेबाबू लहान. मी प्रत्येकाला गाठून सांगितलं. दुकानमालकाला सांगितलं. तो म्हणाला, इमानदार आहेस, पण आता पुरे. आणि बडेबाबू मागे उभे राहून मान हलवायचे, जसं काही हेच खरं इमान.

त्या दिवसापासून नालवाडीत कुणी सायकलवर चढताना अडखळला की हाक यायची, काय बे, बडेबाबू झाला का? शाळेतली पोरंसुद्धा. बडेबाबू स्वतःही हसायचे त्यावर. मला मात्र दर वेळी बरगडीत कोपर बसल्यासारखं व्हायचं. भांडलोही मी त्यांच्याशी. म्हटलं, का असं केलंत, मी लहान झालो असतो तर माझं काय बिघडत होतं? ते म्हणाले, तू परगावचा माणूस, दुकानात नवा, तुला भित्रा म्हटलं तर चिकटून राहील. माझी नोकरी पक्की आहे, मला काय चिकटणार.

काकूंना मात्र मी सांगायला गेलो तेव्हा त्या धुणं वाळत घालत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. दोरीवर तोच दुपट्टा होता.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "हा दुपट्टा मीच धुतला. तुह्या उलटीचा वास होता त्याले." मग चिमटा लावत म्हणाल्या, "बोलू दे त्यायले. त्यायनं शब्द पाळला ना? तेवढं बस हाय."

बडेबाबूंनी शब्दाचं दुसरं टोकही पाळलं. त्या घरात पहाडाचं नाव पुन्हा निघालं नाही. गिरड बंद झालं. गाडीवर मी शिवलेलं कव्हर चढलं. कॅलेंडरचं पान भिंतीवर राहिलं, पण ते त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायला लागले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझं स्वतःचं दुकान आहे बसस्टँडमागे, राहतो अजून त्याच खोलीत. बडेबाबू निवृत्त झाले. गुडघे गेले, किक मारता येत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वैताग तसाच आहे. दवाखान्यात नेलं तर तीन डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गोळी घेत नाहीत, आणि मी रिक्षाचं मीटर बघत बाहेर बसतो. खिशात कांदा आहेच.

गेल्या दिवाळीनंतर मी एक जुनी मोटरसायकल घेतली. मग धीर करून काकूंसमोर बडेबाबूंना त्या पहाडावर न्यायचा विषय काढला. काकूंनी बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाल्या, "नाव काढाचं नाई असं मी त्यायले म्हटलं होतं. तुले कुठी म्हटलं?" बडेबाबू म्हणाले, आता काय पाहायचं राहिलंय, आणि उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले, मी मागच्या सीटला पाठ लावत होतो ती बोटाने दाबून बघितली आणि म्हणाले, "फोम जाड लाव. माही हाडं लागतीन."

मी भितो अजून. त्या उंचीला भितो, डोकं दुखेल म्हणून भितो, त्यांचे गुडघे, त्यांची छाती, सगळ्याला भितो. केलाँगला त्यांनी कंटाळून शिव्या देईपर्यंत मुक्काम करीन, अंगाला हवा मानवल्याशिवाय एक वळण वर चढणार नाही. ते रस्त्यात तिघांना विचारतील, तर मी तिघांसाठी थांबीन, तिसरा संध्याकाळी आला तरी. पण बडेबाबू, तुम्ही ज्या वळणावरून माझ्यासाठी गाडी फिरवली त्याच्या वरची वळणं मी तुम्हाला दाखवीन, पताकांपर्यंत, पहिल्या गिअरमध्ये. माझ्या खिशातही कांदा असेल, आणि वासाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.